किशोरवयीन मुलाला उपचारांसाठी दाखल करायचंय : पैशाची तजवीज कशी लावायची

मानसोपचारतज्ज्ञ "दाखल करावं लागेल" म्हणाले की आईवडिलांच्या मनात दोन प्रश्न एकदम उभे राहतात. पोरगं बरं होईल ना, आणि पैसे कुठून आणायचे? पहिला प्रश्न ते डॉक्टरांना विचारतात. दुसरा विचारायची लाज वाटते, म्हणून तो सोनाराच्या दुकानात नाहीतर नातेवाइकांच्या ओसरीवर सुटतो, आणि बहुतेक वेळा महागात सुटतो. दागिने मोडून झाल्यावर कळतं की वडिलांच्या कंपनीच्या पॉलिसीत हा उपचार बसत होता, किंवा तोच उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी फुकट होत होता. हे मी इतक्या घरांत पाहिलंय, की पैशाची बाजू सविस्तर लिहून काढणं मला गरजेचं वाटतं.

हे लिखाण महाराष्ट्रातल्या पालकांसाठी आहे. मूल अठरा वर्षांच्या आतलं आहे असं धरलंय. आजार तीव्र नैराश्याचा असो, सायकोसिसचा (वास्तवाचं भान सुटण्याचा) असो, वारंवार स्वतःला इजा करून घेण्याचा असो, की गांजा-दारू-व्हाइटनरच्या व्यसनाचा. पैशाच्या वाटा बऱ्याचशा सारख्या आहेत. जिथे फरक पडतो तिथे तो मोठा पडतो, आणि ती जागा मी ठळकपणे सांगणार आहे.

एक गोष्ट सगळ्यांत आधी. मुलाच्या जिवाला आत्ता धोका असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. १०८ ला फोन करून जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. पैशाचं उद्या पाहू.

आधी निदान आणि सल्ला लेखी घ्या

"ॲडमिट करा" हे तोंडी ऐकून कुणीही डिपॉझिट भरू नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या ८७व्या कलमात अल्पवयीन मुलाला दाखल करण्याच्या अटी आहेत. एका मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी पुरत नाही. दोन मानसोपचारतज्ज्ञ, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या जोडीला दुसरे मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, यांनी दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत मुलाला स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. घरी राहून उपचार शक्य नाहीत, किंवा ते करून पाहिले आणि उपयोग झाला नाही, हेही त्यांना ठरवावं लागतं.

ही अट मुलाच्या हिताची आहे आणि तुमच्या खिशाच्याही. दोघांनी स्वतंत्रपणे तपासलं की कित्येकदा असं निघतं की आठवड्याला दोन समुपदेशनं, औषधं आणि आईवडिलांचं स्वतःचं समुपदेशन एवढ्यावर भागतंय. तसं असेल तर दाखल करू नका. आणि दाखल करणं भागच असेल, तर हेच दोन कागद पुढे विमा कंपनीला, सरकारी योजनेला आणि तुमच्या ऑफिसला दाखवायचे आहेत.

निदान अर्धवट लिहिलेलं चालवून घेऊ नका. मुलाला नैराश्य आहे आणि त्यातून तो गांजाकडे वळलाय असं डॉक्टरांचं मत असेल, तर कागदावर दोन्ही गोष्टी यायला हव्यात, त्याच क्रमानं. घाईत लिहिलेल्या केसपेपरवर नुसतं "गांजाचं व्यसन" एवढंच राहतं आणि त्या दोन शब्दांपायी लाखभर रुपयांचा दावा बुडू शकतो. कसा, ते विम्याच्या भागात सांगतो. खोटं लिहून घ्या असं मी सुचवत नाहीये. खरं आणि पूर्ण लिहून घ्या, एवढंच.

तुम्ही पैसे नेमके कसल्या जागेला देणार आहात?

"निवासी उपचार" म्हणून जे विकलं जातं, त्यात तीन अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली म्हणजे रुग्णालयाचा मनोविकार विभाग किंवा नोंदणीकृत मनोरुग्णालय. इथे डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास असतात, मुक्काम बहुधा काही आठवड्यांचा. विमा आणि सरकारी योजना मुख्यतः इथेच चालतात.

दुसरी, व्यसनमुक्ती केंद्रं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे आणि त्या धर्तीवर कामाची चांगली परंपरा महाराष्ट्रात आहे. पण बहुतेक केंद्रं प्रौढांसाठी असतात. पंधरा वर्षांच्या मुलाला चाळिशीतल्या दारुड्यांच्या हॉलमध्ये ठेवणं कायद्यातही बसत नाही: अल्पवयीन मुलाची राहण्याची सोय प्रौढांपासून वेगळी हवी. म्हणून पहिला प्रश्न फीचा नको, "अठराच्या आतल्या मुलांची वेगळी सोय आहे का?" हा हवा.

तिसरी जागा म्हणजे "बिघडलेल्या मुलांना सुधारतो" म्हणणारी वसतिगृहं, शिबिरं, निवासी शिस्तशाळा. तिथे मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर तो उपचार नव्हे. त्यासाठी कुठलीही योजना, कुठलाही विमा पैसे देणार नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की तुम्हीही देऊ नयेत. मारहाण, कोंडून ठेवणं, फोन बंद करणं याला शिस्त म्हणणाऱ्या ठिकाणी आजारी मूल आणखी आजारी होऊन परत येतं.

जागा कुठलीही असो, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी मागा. अधिनियमाच्या ६५व्या कलमानुसार नोंदणीशिवाय मानसिक आरोग्य आस्थापना चालवता येत नाही, आणि दारू-अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं. दिसलं नाही तर विचारा, फोटो काढून घ्या. दाव्याच्या वेळी लागतो.

सरकारी दार आधी

मध्यमवर्गीय घरांत सरकारी रुग्णालय हा शेवटचा पर्याय मानतात. मुलांच्या मानसिक आजारात हा क्रम उलटा करून पाहा, असं मी आग्रहानं सांगेन. खाजगीत पैसे संपल्यावर तिथे पोहोचणाऱ्या कुटुंबाची फार ओढाताण होते. आधीच गेलात तर निदान, कागद आणि कधी कधी अख्खा उपचार तिथेच होऊन जातो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. मात्र किशोरवयीन मुलासाठी मी आधी वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग सुचवेन: पुण्यात ससून, मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे. वैद्यकीय महाविद्यालयांत आणि महापालिका रुग्णालयांत थोडं शुल्क लागतं, पण खाजगी बिलाच्या मानानं ते किरकोळ असतं. गोव्याच्या सीमेजवळ राहणाऱ्यांना बांबोळीची मनोविकार संस्था जवळ पडते. आजार गुंतागुंतीचा असेल तर बंगळुरूच्या निम्हान्समध्ये बाल आणि किशोर मनोविकारांचा स्वतंत्र वॉर्ड आहे, तिथे पालक मुलासोबत राहतात. केंद्र सरकारची संस्था असल्यानं दर खाजगीपेक्षा पुष्कळ कमी आहेत. रेल्वेचं तिकीट आणि राहण्याचा खर्च धरूनही कित्येक कुटुंबांना ती वाट पुण्या-मुंबईच्या खाजगी मुक्कामापेक्षा स्वस्त पडते.

व्यसनासाठी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी एकात्मिक पुनर्वसन केंद्रं आहेत आणि काही सरकारी रुग्णालयांत व्यसन उपचार सुविधा आहेत. १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर फोन करून जवळचं केंद्र विचारा, आणि पुन्हा तोच प्रश्न: अल्पवयीनांची सोय आहे का?

आता कायद्यातली एक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. १८व्या कलमानुसार दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याकडे पिवळं कार्ड असो वा नसो, सरकारी आणि सरकारी अनुदानित आस्थापनांत मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे. त्याच कलमात सरकारनं द्यायच्या किमान सेवांची यादी आहे आणि त्यात मुलांच्या मानसिक आरोग्य सेवेचा उल्लेख आहे. या किमान सेवा तुमच्या जिल्ह्यात नसतील, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या आस्थापनेत उपचार घेण्याचा आणि तो खर्च सरकारनं सोसण्याचा हक्क कायदा देतो. हा हक्क मागायचा कसा? जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे साधा अर्ज करा: मुलाचं वय, निदान, सेवा उपलब्ध नसल्याचं म्हणणं, आणि १८व्या कलमाचा उल्लेख. आवक क्रमांकाची पोच घ्या. वकिलाची गरज पडलीच तर २७व्या कलमानं मोफत कायदेशीर मदतीची सोय केली आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. या वाटेला वेळ लागतो. तिच्यावर विसंबून उपचार थांबवू नका, पण अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकून ठेवा.

रेशनकार्ड, योजना आणि धर्मादाय खाटा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि महाराष्ट्रात १ जुलै २०२४ पासून ते सर्व रेशनकार्डधारकांना खुलं झालंय, पांढऱ्या कार्डासकट. आयुष्मानच्या उपचारसूचीत मानसिक विकारांची वेगळी शाखा आहे. पण कुठला उपचार कुठल्या रुग्णालयात चालतो हे ठरलेलं असतं. म्हणून रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, खिडकीवर जाऊन निदानाचा कागद दाखवा आणि "हा उपचार इथे बसतो का, नसेल तर कुठे बसतो" असं विचारा. फोनवर विचारायचं तर १५५३८८. ही चौकशी दाखल करण्याआधी करायची. डिस्चार्जच्या दिवशी काही उपयोग नसतो.

धर्मादाय रुग्णालयांची सोय मात्र फार कमी पालक वापरतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ एए अंतर्गत, मुंबई उच्च न्यायालयानं आखून दिलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. निर्धनसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आहे, दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार. पुण्या-मुंबईतली कित्येक मोठी, चकचकीत दिसणारी रुग्णालयं धर्मादाय आहेत आणि त्यांच्यात मनोविकार विभाग आहेत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. "खाटा शिल्लक नाहीत" म्हणाले तर तेच लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे तक्रार करा. नुसतं लेखी मागितल्यावर उत्तर बदलल्याचं मी पाहिलंय. दाखला मिळायला दिवस लागतात, म्हणून आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज आजच टाका.

पालक अनेकदा निरामय योजनेबद्दल विचारतात. राष्ट्रीय न्यासाची ही १ लाखाची आरोग्य विमा योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी आहे. नुसत्या नैराश्याला किंवा व्यसनाला ती लागू नाही. पण मुलाला स्वमग्नता असेल आणि आता किशोरवयात वर्तनाचे प्रश्न वाढले असतील, तर जरूर काढा.

विमा : इथे वेळ द्या

मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या २१व्या कलमानं सांगितलंय की शारीरिक आजाराला ज्या तत्त्वावर विमा मिळतो त्याच तत्त्वावर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे. विमा नियामकानं ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलं आणि ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत सगळ्या आरोग्य पॉलिसी तशा करा, असंही पुन्हा बजावलं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये एका प्रकरणात, पॉलिसीत मानसिक आजार वगळलेला असल्याचं कारण देऊन नाकारलेला दावा कंपनीला द्यायला लावला. तेव्हा "मानसिक आजार कव्हर होत नाही" असं एजंटनं सांगितलं तर ते ऐकून गप्प बसू नका.

घरातल्या सगळ्या पॉलिसी टेबलावर काढा. आई किंवा वडिलांच्या कंपनीची सामूहिक पॉलिसी असेल तर ती आधी. सामूहिक पॉलिसीत आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजाराचा दावा मिळत नाही) बहुतेकदा नसतो. घरगुती फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे अख्ख्या कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीत, तो असतो, आणि आता तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. पॉलिसी घेण्याआधीच मुलाचे उपचार चालू होते आणि फॉर्ममध्ये ते लिहिले नसतील, तर दावा नाकारला जाऊ शकतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर लपवाछपवीच्या मुद्द्यावर, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, कंपनीला हात आखडता घेता येत नाही.

मग पॉलिसीच्या जाड पुस्तिकेतली वगळण्याची यादी उघडा. सगळ्या कंपन्यांत या कलमांना ठरावीक क्रमांक आहेत, त्यामुळे शोधायला सोपं जातं. तुमच्या कामाचे तीन. क्रमांक १२: दारू, अमली पदार्थ किंवा कुठलंही व्यसन आणि त्याचे परिणाम यांवरचे उपचार वगळले जातात. क्रमांक ५: विश्रांती आणि पुनर्वसनासाठीचा मुक्काम. क्रमांक ४: केवळ तपासण्या आणि निरीक्षणासाठी दाखल होणं. केसपेपरवर नुसतं "व्यसन" आलं की दावा का बुडतो ते आता लक्षात येईल. नैराश्य हा मूळ आजार असेल आणि दाखल करण्याचं कारण तेच असेल, तर ते कागदावर स्पष्ट दिसलं पाहिजे. तसंच "निरीक्षणासाठी" या शब्दाऐवजी प्रत्यक्ष चालू असलेले उपचार, म्हणजे औषधं, इंजेक्शनं, थेरपीची सत्रं, रोजच्या नोंदीत असायला हवेत. नोंदी नीट ठेवा, अशी विनंती डॉक्टरांना पहिल्याच दिवशी करा. चांगले डॉक्टर याचा राग धरत नाहीत.

दुसरी अडचण "रुग्णालय" या शब्दाची. विमा कंपनीच्या व्याख्येत ते कायद्यानुसार नोंदणीकृत असावं लागतं. नाहीतर दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० आणि इतरत्र १५ खाटा, चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका, रोजच्या नोंदी, या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. टेकडीवरच्या सुंदर बंगल्यातलं केंद्र यात बसत नाही म्हणून दावा परत येतो. डिपॉझिट भरण्याआधी विमा कंपनीला ईमेल करा: "अमुक नावाची, अमुक नोंदणी क्रमांकाची ही जागा तुमच्या व्याख्येत बसते का? मानसिक आजारासाठी वेगळी उपमर्यादा (कमी रकमेची मर्यादा) आहे का?" उत्तर लेखीच हवं.

तिसरी, खोलीभाड्याची कात्री. समजा पॉलिसी ५ लाखांची आहे आणि खोलीभाडं रोज एक टक्क्यापर्यंत, म्हणजे ५,००० रुपये. तुम्ही मुलाला एकांत मिळावा म्हणून ८,००० ची खोली घेतलीत. आता दर दिवसाचे ३,००० तर तुमच्या खिशातून जातीलच, शिवाय डॉक्टरांच्या फीसारखे खोलीच्या दर्जाशी जोडलेले खर्चही कंपनी पाचास आठ या प्रमाणात कापेल. असे खर्च ८०,००० झाले तर मिळतील ५०,०००. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. मर्यादेतली खोली घ्या. किशोरवयीन मुलांना बहुधा एकटं ठेवतही नाहीत.

ठरवून दाखल करताना कॅशलेससाठी, म्हणजे कंपनीनं बिल थेट रुग्णालयाला द्यावं यासाठी, आधी कळवावं लागतं. पुस्तिकेत किती तास ते लिहिलेलं असतं. नियामकाच्या २०२४ च्या आदेशानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय अपेक्षित आहे. टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) टेबलावर हे शांतपणे बोलून दाखवा.

दाखल होण्याआधीचे आणि डिस्चार्जनंतरचे खर्चही मागता येतात. बहुतेक पॉलिसींत आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस असतात. म्हणजे आधीच्या महिन्यातली तपासणी फी आणि नंतरच्या दोन महिन्यांतली औषधं, डॉक्टरांच्या भेटी. पालक हे पैसे अक्षरशः सोडून देतात, कारण थेरपिस्टकडून पावतीच घेतलेली नसते. प्रत्येक सत्राची तारीख, नोंदणी क्रमांक आणि सहीसह पावती घ्या.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा, कुठल्या कलमाखाली तेही. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. अर्जात २१व्या कलमाचा उल्लेख हवाच.

नोकरीतून काय मिळतं

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, म्हणजे साधारणतः पगार २१,००० पर्यंत असेल, तर कुटुंबीयांनाही पूर्ण वैद्यकीय सेवा आहे. ईएसआय दवाखान्यातून संदर्भ चिठ्ठी घ्या, थेट खाजगीत जाऊ नका. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी वैद्यकीय प्रतिपूर्तीसाठी कार्यालयात आधी चौकशी करावी, कारण खाजगी रुग्णालयाचं बिल जिल्हा शल्यचिकित्सकांकडून तपासून घ्यावं लागतं.

भविष्य निर्वाह निधीतून स्वतःच्या किंवा कुटुंबीयाच्या आजारासाठी परत न करायची उचल मिळते. महिनाभर किंवा अधिक काळ रुग्णालयात राहणं आणि मानसिक विकार ही दोन्ही कारणं नियमांत आहेत. अर्ज ऑनलाइन होतो. ही तुमच्या म्हातारपणाची पुंजी आहे हे खरं, पण वैयक्तिक कर्जाच्या व्याजापेक्षा मी आधी इकडे वळेन.

आणि रजा. पालकांच्या हिशेबातून निसटणारा सगळ्यांत मोठा खर्च हाच आहे. ८७व्या कलमानुसार मुलाच्या संपूर्ण मुक्कामात पालकाला किंवा त्यानं नेमलेल्या सोबत्याला सोबत राहावं लागतं. मुलगी असेल आणि सोबत वडील असतील तर स्त्री सोबती हवी. म्हणजे एकाचा पगार थांबणार, गावाहून आलेल्या आत्या-मावशीचा प्रवास, रोजचं खाणं, घरी धाकट्याला सांभाळणारं कुणीतरी. राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना मूल अठराचं होईपर्यंत सगळ्या सेवेत मिळून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, केंद्र सरकारच्या नोकरीत ती ७३० दिवसांची आहे. खाजगी नोकरीत मॅनेजरला निदान सांगायची गरज नाही. "मूल रुग्णालयात दाखल आहे, पालकानं सोबत राहणं आवश्यक आहे" असं डॉक्टरांचं पत्र पुरतं.

कुणी सांगितलं की "पालकांनी महिनाभर भेटायचं नाही, हीच आमची पद्धत", तर अठराच्या आतल्या मुलासाठी ती पद्धत कायद्याशी विसंगत आहे. तिथे पैसे भरू नका.

खाजगीत जायचंच असेल तर

अंदाजपत्रक लेखी मागा आणि त्यात काय काय धरलंय ते एकेक विचारा: खोली, डॉक्टरांच्या भेटी, वैयक्तिक समुपदेशन, कौटुंबिक समुपदेशन, औषधं, रक्त-लघवीच्या तपासण्या, पालकाचं जेवण, कपडे धुणं. "सगळं मिळून महिन्याला इतके" असा एकच आकडा सांगणाऱ्यांकडे औषधं आणि तपासण्या बहुधा वेगळ्या निघतात.

तीन किंवा सहा महिन्यांचे पैसे एकरकमी भरू नका, कितीही सूट दिली तरी. कारण कायद्यातच आहे. मूल तीस दिवसांहून जास्त राहिलं तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं आणि मंडळ आढावा घेतं; दाखल केल्यावर बहात्तर तासांत पहिली खबरही द्यावी लागते. आणि पालकानं डिस्चार्ज मागितला तर मुलाला सोडावं लागतं. ज्या मुक्कामाची लांबी अशी कधीही बदलू शकते, त्याचे सहा महिन्यांचे पैसे आगाऊ देण्यात अर्थ नाही. आठवड्याचं किंवा पंधरवड्याचं बिल मागा. लवकर घरी नेलं तर डिपॉझिटचं काय, हे पावतीवर लिहून घ्या.

सवलत मागताना संकोच नको. कुटुंबाची मिळकत, आधी झालेला खर्च आणि तुम्हाला जमेल तो आकडा असं एक पानी पत्र वैद्यकीय समाजसेवकाला द्या. ट्रस्टनं चालवलेल्या संस्थांत उत्पन्नानुसार फी कमी करण्याचा रिवाज आहे, पण मागणाऱ्यालाच ती मिळते.

कर्जाचा क्रम माझ्या मते असा: पीएफची उचल, मग एफडीवरचं कर्ज (एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज काढा), मग बँकेचं सोनेतारण, आणि अगदीच नाइलाजानं वैयक्तिक कर्ज. उपचार केंद्रानंच पुढे केलेली हप्त्यांची योजना सही करण्याआधी घरी आणून वाचा. घर किंवा शेत गहाण टाकायची वेळ येतेय असं वाटलं, तर ती खूण समजा आणि सरकारी रुग्णालयाकडे परत वळा. आजार लांबणारा असू शकतो. पहिल्यांदा दाखल करतानाच सगळं पणाला लावलं तर दुसऱ्या वेळी हातात काही राहत नाही.

डिस्चार्जनंतरच्या वर्षाचे पैसे आधी बाजूला काढा

माझी सगळ्यांत आग्रहाची सूचना ही. हिशेब महिन्याचा करू नका, वर्षाचा करा. मुक्कामात मूल सावरतं, पण ते टिकतं घरी, शाळेत, मित्रांत; औषधं न चुकता घेऊन, दर आठवड्याला थेरपिस्टकडे जाऊन. सगळी पुंजी मुक्कामावर संपली की पहिलं काय बंद होतं? समुपदेशन. आणि दोन-तीन महिन्यांत मूल परत जिथून निघालं तिथे येतं. एकूण जमवलेल्या रकमेतला किमान तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका आणि रुग्णालयाच्या बिलासाठी त्याला हात लावू नका. तेवढ्यात मुक्काम बसत नसेल तर स्वस्त मुक्काम शोधा, नंतरचा उपचार कापू नका.

नंतरचा खर्च कमी करण्याच्या वाटा आहेत. औषधं जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार बाह्यरुग्ण विभागातून मोफत मिळू शकतात. खाजगी डॉक्टरांची चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्ड दाखवून तिथे नवीन केसपेपर काढा. जनऔषधी दुकानांत बऱ्याच मनोविकारांची औषधं स्वस्त असतात, पण कंपनी बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आजार दीर्घ असेल आणि अक्षमता ४० टक्के किंवा अधिक प्रमाणित झाली, तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजार आहे आणि यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड निघतं. मग जुन्या करपद्धतीत अवलंबिताच्या नावानं ७५,००० रुपयांची, आणि तीव्र अक्षमतेत १,२५,००० ची वजावट मिळते. कार्ड काढायचं की नाही हा निर्णय मुलाला विश्वासात घेऊन करा. ते त्याच्या नावाचं कार्ड आहे.

शाळेसाठी डिस्चार्जच्या दिवशीच वैद्यकीय प्रमाणपत्र मागून घ्या, हजेरी भरून निघण्यासाठी ते लागतं. त्यावर निदान असण्याची गरज नाही, "रुग्णालयात दाखल होता" आणि तारखा पुरतात. दहावीचं वर्ष हातचं गेलंच तर सतरा नंबरचा (बाहेरून परीक्षा देण्याचा) फॉर्म भरून पुढच्या वर्षी बसता येतं, त्यासाठी महागड्या क्लासची फी आत्ताच भरू नका.

फाइल एकच ठेवा. त्यात दोन्ही तज्ज्ञांच्या तपासणीचे कागद, नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो, अंदाजपत्रक, सगळी बिलं आणि पावत्या, डिस्चार्ज कार्ड, विमा कंपनीशी झालेले ईमेल, अर्जांच्या पोचा. उपचारांच्या नोंदींची प्रत मागण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या २५व्या कलमानं दिला आहे, ती डिस्चार्जच्या आधीच मागा. मूळ कागद विमा कंपनीकडे जातात, म्हणून आधी प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा आणि फोनवर स्कॅन करून ठेवा. डिस्चार्जनंतरचे साठ दिवस कधी संपतात ती तारीख कॅलेंडरवर लिहा, कारण त्यानंतरची बिलं दाव्यात धरली जात नाहीत.